निरोपातला उकार

सेंदिल,

काल दुपारी कविताने मला एक साधा प्रश्न विचारला आणि मी उत्तर न देता तुमच्या ड्राइव्हवेमध्ये माझ्या गाडीत जाऊन बसलो. ती खोक्यांना टेप लावत होती. तिचा आणि तुमच्या लेकीचा, निलाचा व्हिसा तुझ्या व्हिसाला बांधलेला होता, त्यामुळे तुझ्याबरोबर त्या दोघींचा इथला मुक्कामही संपलाय. सोळा दिवसांनी त्यांचं विमान आहे. जेवणाच्या टेबलावर निलाच्या शाळेचे कागद होते, औषधांची बिलं होती आणि मधोमध तुझ्या अस्थींचा डबा होता. टेप दाताने तोडत कविता म्हणाली, "तो नेहमी म्हणायचा ना, मला इथेच नदीत सोडा, गावाला नेऊ नका. तुझ्यासमोरही बोललाय. मग शनिवारी पुलावर जाऊ या?"

हो म्हणणं सोपं होतं. तू खरंच तसं म्हणाला होतास. पण तू तसं का म्हणालास ते मला माहीत आहे, आणि त्यामागचं कारण मी स्वतः तुझ्या हातात आणून दिलं होतं.

तू गेलास त्याला एकोणीस दिवस झाले. लोक भेटायला येतात, तू किती हुशार होतास, किती मदत करायचास हे एकमेकांना सांगतात, कॅसरोलची भांडी ठेवून जातात. मी कोपऱ्यात बसून ऐकतो आणि मला चीड येते. कुणाची ते नीट कळत नाही. बहुधा माझीच.

पुण्यात आपण सहा वर्षं एका फ्लॅटमध्ये काढली. तू ईरोडजवळच्या खेड्यातला, मी सांगलीकडचा, आणि दोघांच्याही घरी हळदीची शेती. पहिल्याच आठवड्यात भांडण जुंपलं की हळद कुणाची चांगली. तेव्हापासून मी तुझ्यासाठी सांगली झालो, तो निलाच्या तोंडी 'सांगली अंकल' होईपर्यंत. मराठी तू माझ्याकडून शिकलास आणि वाईट शिकलास. 'माझा आई', 'तुझी बाप', 'चहा थंड झाली'. खुर्चीला आणि टेबलाला कसलं आलंय स्त्रीलिंग-पुल्लिंग, असं तुझं म्हणणं असायचं, आणि चूक दाखवली की तू मुद्दाम तीच पुन्हा करायचास. अठरा वर्षं तू माझ्या भाषेची मोडतोड केलीस आणि त्याने कुणाचंही काही बिघडलं नाही. मी तुझ्या भाषेतला एकच शब्द चुकलो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तुझ्या अप्पांना अर्धांगवायू झाला. माझं ग्रीन कार्ड तोवर आलं होतं, तुझा नंबर लांब होता. इथून बाहेर पडलास तर पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का मिळेपर्यंत तुला परत येता येणार नव्हतं, आणि त्याच्या तारखा महिनोन्‌महिने मिळत नव्हत्या. तुझ्या ऑफिसात तर रोज कुणाचं ना कुणाचं टेबल रिकामं होत होतं. आपण इथल्या डब्लिन गावच्या, नदीवरच्या त्या पुलावरून नेहमीसारखे चालत होतो, बर्फ वितळून रस्ता चिखलाचा झाला होता. भाचीच्या लग्नासाठी मी भारतात जातोय असं सांगितलं आणि तू थांबलास.

"सांगली, फोनवर अम्मा खोटा बोलतो. एल्लाम सरी, एल्लाम सरी. सगळा ठीक. तू जा ना यार गावाला. अप्पाला डायरेक्ट विचार. अम्मा समोर नसताना."

"मला तमिळ कुठे येतं?"

"दोनच शब्द. 'सेंदिल वेणुमा?' म्हणजे सेंदिल पाहिजे का? पाहिजे तर म्हणेल वेणुम. नको तर वेणाम. कविता जेवताना विचारतो ना, रसम वेणुमा? तसाच."

"आणि वेणुम म्हणाले तर?"

"तर मी जातो. जॉब गेली तर गेली."

मी तुझ्यासमोर दहा वेळा म्हणून दाखवलं. वेणुम म्हणजे वेणू, बासरी, गोड. वेणाम म्हणजे वेणा, बाळंतपणाच्या कळा, नको रे बाबा. मराठी माणूस हे विसरणं शक्य नाही असं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. तूही हसलास. एवढी मोठी गोष्ट आपण एका उकारावर आणि एका कान्यावर टांगून ठेवली आणि घरी जाऊन कॉफी प्यायलो.

फेब्रुवारीत तुझ्या गावाला मी पाहुणा म्हणून गेलो आणि खरं सांगायचं तर मजेत गेलो. ईरोडहून टाउन बस, शिट्टीवर गाडी नाचवणारा कंडक्टर, लाल माती, माडांच्या रांगा आणि मध्येच हळदीच्या काढून झालेल्या रानातला तो ओला वास. त्या वासाला मात्र मला तिकीट काढावं लागलं नाही, तो घरचाच होता. उतरल्यावर जो भेटेल तो माझ्याकडे बघून "वांगऽ, वांगऽ" म्हणत होता. मी तुला मेसेज केला की तुझ्या गावात मला सगळे वांगं म्हणतायत. तुझं उत्तर आलं, "वांग म्हणजे या. पण तू वांगाच आहे." मग अम्मांनी दारातच विचारलं, "साप्टिंगळा?" साप एवढंच माझ्या कानात शिरलं आणि मी दोन्ही पाय उचलून ओट्यावर चढलो. जेवलात का, एवढंच विचारत होत्या बिचाऱ्या. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. तुझ्या भाषेत माझ्या कानांची काय लायकी आहे हे मला तिथल्या तिथे दोनदा कळलं होतं. तरी पुढे मी त्याच कानांवर विश्वास ठेवला.

जेवायला केळीच्या पानावर वाढलं. अम्मा भात घेऊन आल्या, "वेणुमा?" मी शिकल्याप्रमाणे स्पष्ट म्हटलं, "वेणाम." त्यांनी वाढला. रसम आलं, "वेणुमा?" "वेणाम, वेणाम." तेही वाढलं. तुझ्या घरी वेणाम हा शब्द कुणी मनावर घेत नाही. मी एकट्यानेच घेतला.

खळ्याला तिकडे कळम म्हणतात. शिजवलेली हळद तिथे पसरली होती, वाफ अजून निघत होती, आणि कडेला कडुनिंबाखाली बाजेवर अप्पा होते. उजवं अंग गेलेलं. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजव्या डोळ्यातून पाणी सारखं गळत होतं आणि अम्मा मधूनमधून ते पदराने टिपत होत्या. मी सांगलीचा, हे त्यांना तू कधीतरी सांगितलं असणार. त्यांनी डाव्या हाताने एक वाळलेलं हळकुंड उचललं, बाजेच्या कडेवर आपटून मोडलं आणि आतला रंग माझ्यापुढे धरला. सेंदिल, तो रंग बघून मी मनातल्या मनात हरलो. तुला हे कबूल करायचं नाही असंही तिथेच ठरवलं.

अम्मा ताक आणायला आत गेल्या. मी बाजेपाशी उकिडवा बसलो आणि विचारलं, "अप्पा, सेंदिल वेणुमा?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, माझा उच्चार कळला नाही. मी पुन्हा विचारलं. त्यांनी तोंड उघडलं, गळ्यातून जोर लावला आणि म्हणाले, "वेणा..." शेवटचा म नाकात गेला. मी पुन्हा म्हटलं, "वेणाम?" ते आणखी जोरात म्हणाले, "वेणा." डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते तर सकाळपासून येतच होतं. त्यांनी डाव्या हाताने माझ्या शर्टाची बाही धरली होती. अम्मा ताक घेऊन आल्या तरी सोडली नाही. शेवटी अम्मांनीच एकेक बोट उकलून ती सोडवली आणि माझ्याकडे बघून ओशाळून हसल्या. म्हाताऱ्या माणसांचं असतंच असं काहीतरी, म्हणून मी बाही खाली केली. आता ती बाही मला रोज आठवते.

ईरोडच्या स्टँडवरून मी तुला फोन केला. इकडे तुमची सकाळ होती. "नको म्हणाले रे. दोनदा विचारलं, दोनदा नको म्हणाले. निवांत राहा." मला वाटत होतं, मी तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय. तू म्हणालास, "सरी." ठीक आहे. आणि मग, "जेवलास का?"

जूनमध्ये अप्पा गेले. गॅरेजमध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून तू त्यांचा अंत्यविधी बघितलास. बाहेर नुकतं उजाडत होतं, कुणाचे तरी स्प्रिंकलर चालू झाले होते. मी तुझ्या शेजारी उभा होतो. तू रडला नाहीस. संपल्यावर तू लॅपटॉप मिटलास आणि म्हणालास, "त्यांनीच नको म्हटला होता." लहान मुलाला ओरडतात तसा मी तुला ओरडलो की हो ना, मग कशाला स्वतःला खातोस. माझ्या त्या शहाणपणाची आठवण झाली की मला तोंड लपवावंसं वाटतं.

त्यानंतर तू बदललास, आणि मला ते कळायला हवं होतं. एका रविवारी आमच्याकडे जेवताना मी नेहमीप्रमाणे हळदीवरून डिवचलं. तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "सांगलीचा चांगला. घे." सोळा वर्षांच्या भांडणात तू पहिल्यांदा हरलास आणि मी टाळी वाजवली. सगळ्यांना ओरडून सांगितलं की ईरोड हरलं. तू का सोडून दिलंस याचा मी विचारच केला नाही. ज्या खळ्यावर आपण नको आहोत तिथल्या हळदीसाठी कोण कशाला भांडेल. अप्पांनी माझ्याबरोबर दिलेली मूठभर हळकुंडं तू गाडीच्या कप होल्डरमध्ये ठेवली होतीस. ती तू कधी घरात आणली नाहीस आणि कधी टाकलीही नाहीस.

आणि पुलावर, मागच्या उन्हाळ्यात, खाली कयाक चालवणाऱ्या मुली बघत तू म्हणालास, "मेला तर मला इथेच सोड. गावाला नको. तिकडे कोण बोलावला आहे?" मी म्हटलं, फालतू बोलू नकोस. विषय संपला.

मग तो सप्टेंबर. तुझ्यावरही तोच घाला, तीच उजवी बाजू. हॉस्पिटलात दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर होतास. पाणी प्यायला बंदी होती, म्हणून कविताने ओल्या स्पंजची काडी तुझ्या ओठांपाशी धरली आणि विचारलं, "तण्णी वेणुमा?" पाणी हवं का?

तू म्हणालास, "वेणा."

मी शेजारी उभ्या असलेल्या नर्सला ताबडतोब सांगितलं की त्याला नकोय. शिकलेला होतो ना. कविता वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "नो, नो, ही इज आस्किंग. ओठ गोल होत नाहीयेत त्याचे. 'उ' कसा म्हणणार तो?" आणि तिने तुझे ओठ ओले केले आणि तू ते पाणी चोखलंस.

मी बाथरूममध्ये गेलो. आरशासमोर तोंडाची उजवी बाजू बोटांनी घट्ट दाबून धरली आणि म्हणून बघितलं, वेणुम. वेणा असं आलं. पुन्हा म्हटलं. पुन्हा तेच आलं. मी किती वेळा म्हटलं कोण जाणे. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं तेव्हा मी थांबलो.

बाहेर आलो तेव्हा तू माझ्याकडे बघत होतास. तुलाही त्याच वेळी कळलं का रे? तुझ्या स्वतःच्या तोंडून तो शब्द तसा निघाला, तो तू ऐकलास, आणि मी नर्सला काय सांगितलं तेही ऐकलंस. तुझ्यासारख्या माणसाला जोड लावायला किती वेळ लागतो? तुझ्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं. पण मी एकदा डोळ्यांतलं पाणी चुकीचं वाचलेलं आहे, त्यामुळे आता मी काही ठरवू शकत नाही.

त्यानंतर माझ्याकडे तीन दिवस होते. मी रोज आलो, तुझ्या उशाशी बसलो आणि तुला सांगितलं की तुझं लॉन कापलंय, निलाला शाळेतून आणलंय, गाडीचं ऑइल बदललंय. तुला बरं वाटल्यावर सांगू, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं कारण भीती होतं. तू रागावला असतास तरी तुला ओरडता आलं नसतं, आणि माफ केलं असतंस तरी मला ते कळलं नसतं. चौथ्या दिवशी तू नव्हतासच.

तर काल मी गाडीत बसलो. थोड्या वेळाने निला बाहेर आली, काच वाजवली. "सांगली अंकल, आर यू मॅड ॲट अस?" मी नाही म्हटलं आणि घरी गेलो. आज सकाळी परत गेलो आणि कविताला सगळं सांगितलं. स्टँडवरच्या फोनपासून आरशापर्यंत. ती खाली बसून पुस्तकं भरत होती. मी बोलत असताना तिचे हात थांबले नाहीत, पुस्तकावर पुस्तक ठेवत राहिली. मग तिने विचारलं, "यू आर शुअर? अप्पा वेणुमच म्हणाले?"

हाच तो प्रश्न. मी शपथ घेऊ शकत नाही. मी तो आवाज इतक्या वेळा मनात वाजवलाय की आता त्यात दोन्ही ऐकू येतं. मी म्हटलं, "शब्दाचं नाही सांगता येणार. पण त्यांनी माझी बाही धरली होती. अम्मांना बोटं उकलावी लागली."

कविताने पुस्तकं खाली ठेवली. मग म्हणाली, "दोन वर्षं. तो त्यांच्या फोटोसमोर उभा राहायचा नाही. मी त्यावरून भांडले त्याच्याशी. दगड म्हणाले मी त्याला." आणि मग ती रडली, तुझ्या अंत्यविधीला रडली नव्हती तशी. मी तिथेच उभा होतो. मला सॉरी म्हणायचंही धाडस झालं नाही. तिने मला घालवून दिलं नाही आणि बस असंही म्हटलं नाही.

शेवटी ती उठली, टेबलावरून तुझा डबा उचलला आणि निलाच्या स्वेटरमध्ये गुंडाळून हँडबॅगेत ठेवला. "शनिवार कॅन्सल," ती म्हणाली. "तू येणार आमच्याबरोबर. अम्मांना हे मी नाही सांगणार. तू सांगायचं." मी हो म्हटलं. तिकीट काढलंय. या वेळी एक पूर्ण वाक्य पाठ करायचंय, निला शिकवतेय. ती फार कडक मास्तरीण आहे. "अंकल, से इट प्रॉपर्ली," म्हणते आणि ओठ गोल करून दाखवते.

याने काय होणार? अप्पा बाजेवर नसतील. तू डब्यातून जाशील. अम्मांना कळेल की त्यांच्या माणसाने मुलाला बोलावलं होतं आणि एका परक्या माणसाने ते बोलावणं वाटेत सांडलं. त्या मला पुन्हा केळीच्या पानावर वाढतील की नाही, मला माहीत नाही. वाढलं तर ते गिळायचं कसं तेही माहीत नाही. मला कुणी बरं वाटेल असं काही सांगू नये. तू तर मुळीच नको.

हळदीचं मात्र भांडण संपलेलं नाही. ते तू खोटं हरला होतास, ते मी धरत नाही. कप होल्डरमधली हळकुंडं आज मी काढली आणि एक मोडून बघितलं. आतून अजून तसंच आहे. तुमचीच चांगली आहे, ईरोड. हे मी फेब्रुवारीतच कबूल करायला हवं होतं, त्या दुसऱ्या गोष्टीबरोबर.

ती दुसरी गोष्ट आता सांगतो. तो फोन मी पुन्हा करतो, तू फक्त ऐक. सेंदिल, मी स्टँडवरून बोलतोय. तुझ्या घरून आत्ताच निघालो. अम्मा आत होत्या तेव्हा अप्पांना विचारलं, दोनदा विचारलं. वेणुम म्हणाले. लगेच नीघ.